पुरलेल्या नळांचा शोध

करमाळा हें नांव काढलें कीं बहुतेकांस कमलाभवानीचें देवालय व तेथील शहाण्णव पायऱ्यांची बारव आठवते. ती बारव डोळ्यांस दिसते; तींत उतरतां येतें, पायऱ्या मोजतां येतात. परंतु त्याच गांवचें एक दुसरें जलकार्य असें होतें कीं, गांवांत जन्म काढलेल्या माणसासही तें सहसा दिसूं नये. १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्यें करमाळ्याचा अल्पसा वृत्तांत आहे. निंबाळकरांनीं उभारलेला विस्तीर्ण किल्ला, बालाघाट व पुणें यांच्या दरम्यान चालणारा पूर्वींचा व्यापार, रेल्वे झाल्यामुळें त्यास लागलेली ओहोटी, गुरें, धान्य, तेल व कापड यांची पेठ, हें सारें सांगून झाल्यावर ग्रंथकार पाण्याकडे वळतो. गांवाच्या दक्षिणेस पाऊण मैलावर विहिरी असून त्यांतील झऱ्यांचें पाणी भूमिगत मार्गानें गांवांत आणिलेलें आहे आणि तेथील लहान विहिरींतून लोक तें बुडवून घेतात, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

पाऊण मैल म्हणजे सुमारें बाराशें मीटर. एवढ्या लांबीचा मार्ग शेतांखालून, वाटांखालून व घरांखालून नेणें हें काम सोपें नव्हे. तो ज्यांनीं खोदविला त्यांस ढाळ किती द्यावा, कोठें वळण घ्यावें आणि कोठें थांबावें याचें ज्ञान होतें हें उघड आहे. आज त्या रेषेवर कोणी पाया खणूं लागला, तर पहिली कुदळ कोठें थांबवावी हें त्यास कोण सांगणार? प्रश्न एकट्या करमाळ्याचा नाहीं. जमिनीवरची वस्तु मोडकळीस आली तरी लोकांच्या लक्षांत राहते. जमिनीखालची वस्तु उत्तम स्थितींत असली तरी तीन पिढ्यांत विस्मृतींत जाते. उन्हानें आटूं नये, घाण पडूं नये, शत्रूनें तोडूं नये म्हणून पाणी पुरावयाचें, आणि पुरल्यावर तें आपणच हरवावयाचें, असा हा प्रकार आहे.

जुन्या कारागिरांस ही अडचण ठाऊक होती असें दिसतें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी पुण्यास आणिलें, त्या नळावर जागोजाग ‘उच्छ्वास’ बांधलेले आहेत. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकी, म्हणजे पुढचें औरंगाबाद व आतांचें छत्रपति संभाजीनगर, येथें जी नहर आणिली तिच्या वाटेवरही अशींच बांधकामें दिसतात. अहिल्यानगरच्या निजामशाही नळांचीही हीच कथा. या बांधकामांचा मुख्य उपयोग कोंडलेली हवा बाहेर सोडणें व गाळ काढण्यास माणूस आंत उतरविणें हा. पण त्यांतून आणखी एक गोष्ट आपोआप साधली. एका उच्छ्वासापाशीं उभें राहून पुढचा उच्छ्वास नजरेनें हेरला कीं मधल्या भूमीखालून नळ गेला असावा हें कोणासही समजे. नकाशा कागदावर न काढतां रानांतच काढून ठेवला होता म्हणाना! इंग्रजी अमदानींत लोखंडी नळ आले, तेव्हां उच्छ्वासांची गरज संपली आणि त्यांबरोबर ती खूणही गेली. त्यांच्या जागीं कचेरींतील नकाशा आला. तो नकाशा बहुधा नळ टाकण्यापूर्वींच काढलेला असतो. प्रत्यक्ष खणतांना मध्यें खडक लागला, कोणा वजनदार गृहस्थाचा ओटा आडवा आला, म्हणून नळ हातभर सरकला, याची नोंद त्यावर येत नाहीं.

आज कोणत्याही तालुक्याच्या गांवीं एखाद्या रस्त्याचा उभा छेद घेतां आला तर काय दिसेल तें पाहा. बिडाचा जुना नळ, त्यास टेकून घराघरांस गेलेल्या जस्ताच्या कल्हईच्या नळ्या, त्यांशेजारीं निळ्या रेघेचा काळा प्लॅस्टिकचा नवा नळ, विजेची केबल, टेलिफोनची जुनी तांब्याची व नव्या धाटणीची कांचतंतूंची तार, भुयारी गटार, आणि मोठ्या शहरांत स्वयंपाकाच्या गॅसची पिवळी नळी. उजनी धरण १९८० सालीं पुरें झाल्यापासून सोलापूर जिल्ह्यांत पाण्याचे लांब लांब नळ व उपसा योजना झाल्या. खुद्द करमाळा तालुक्यांत दहिगांवच्या योजनेनें उजनीच्या जलाशयाचें पाणी उचललें जातें. २०१९ सालीं जलजीवन मिशन सुरू झाल्यावर खेडोपाडींही नळ पुरले गेले. पूर्वीं खणणारा मजूर कुदळीनें खणी. नळास धक्का लागला तर त्याच्या हातास तें कळे. आतां जेसीबीचा लोखंडी पंजा खणतो, आणि तो चालविणारास नळ फुटल्याचें कळतें तें पाण्याचा फवारा उडाल्यावरच.

पाण्याचाच फवारा उडाला तर नशीब म्हणावयाचें. बेल्जम देशांत घिस्लँगीन येथें ३० जुलै २००४ रोजीं गॅसच्या मोठ्या नळाचा स्फोट होऊन २४ माणसें मृत्युमुखीं पडलीं; तेथें पूर्वीं चाललेल्या बांधकामाच्या यंत्रानें त्या नळास इजा झालेली होती. आपल्या देशांत दरवर्षीं खोदकामामुळें कांचतंतूंच्या तारा सुमारें दहा लाख वेळां तुटतात व त्यापायीं तीन हजार कोटि रुपयांची हानि होते, असें सरकारनेंच सांगितलें आहे. तथापि कुटुंबवत्सल माणसाच्या दृष्टीनें याहून जवळचें संकट निराळेंच आहे. ज्या गांवीं पाणी दिवसाआड किंवा चार दिवसांआड सुटतें, तेथें पाणी बंद झाल्यावर नळ रिकामा होऊं लागतो व त्याच्या आंतील दाब बाहेरच्यापेक्षां कमी होतो. अशा वेळीं एखादा सांधा फुटका असेल तर भोंवतालची ओल आंत शोषली जाते. आणि शेजारून गटार जात असेल तर त्या ओलीचें स्वरूप काय असेल तें सांगावयास नको. मग घरांतील वडील मंडळींनीं पाणी कितीही सोंवळ्यानें भरलें आणि दुहेरी फडक्यांतून गाळलें, तरी विषूचिका व कावीळ यांस त्याची क्षिती नसते. तें पाणी उकळलें पाहिजे, आणि तो फुटका सांधा सांपडला पाहिजे.

सांपडवावयाचा कसा, हाच या लेखाचा विषय.

नगरपालिकेंत जो वृद्ध फिटर असतो तो या बाबतींत पहिलें यंत्र होय, आणि अजूनही त्याची सर दुसऱ्या यंत्रास सहजीं येत नाहीं. कोणत्या वर्षीं कोणत्या बोळांतून नळ नेला, चावी कोणत्या पिंपळाखालीं आहे, कोणा वकिलांच्या जोत्याखालून आडवी नळी गेली आहे, हें सारें त्याच्या डोक्यांत असतें. त्याशिवाय तो रस्ता वाचतो. एकदां खणून बुजविलेली माती आजूबाजूच्या मातीहून किंचित् खचते. त्या पट्ट्यावर पावसाचें पाणी अधिक वेळ राहतें. उन्हाळ्यांत सर्वत्र गवत वाळलें असतां जेथें पाझर आहे तेथें हिरवें राहतें. मात्र तो सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याच्याबरोबर अर्ध्या गांवाचा नकाशा घरीं जातो. त्याच्या निवृत्तीपूर्वीं दोन महिने एखाद्या होतकरू तरुणास वही-पेन्सिल देऊन त्याच्या मागें हिंडविण्याची व्यवस्था नगरपालिकांनीं केली, तर तिच्याइतकें स्वस्त काम दुसरें नाहीं असें आमचें मत आहे.

दुसरा अधिकारी पुरुष म्हणजे पाणाड्या. उंबराची किंवा कडुलिंबाची दुबेळकी फांदी, तळहातावर उभा ठेवलेला नारळ, किंवा अलीकडच्या काळांत काटकोनांत वांकविलेल्या दोन तारा, हीं त्याचीं साधनें. आपल्याकडे विहिरीची जागा दाखविण्यासाठींच तो प्रसिद्ध असला, तरी पुरलेले नळ शोधण्यासही या विद्येचा उपयोग करणारे लोक जगांत आहेत, आणि तेही अडाणी नव्हेत. २०१७ सालीं इंग्लंडमधील एका शास्त्राभ्यासी बाईंनीं तेथील पाणीपुरवठा कंपन्यांस विचारणा केली असतां बारांपैकीं दहा कंपन्यांनीं, आपले कांहीं कामगार अशा तारा अजून वापरतात, असें कबूल केलें. त्या देशांत त्यावरून बरीच थट्टा झाली.

थट्टा करण्यापेक्षां परीक्षा करणें बरें. ती जर्मनींत कासेल येथें १९९० सालीं झाली. एका सपाट मैदानाखालीं अर्धा मीटर खोलीवर प्लॅस्टिकचा नळ पुरून त्यांतून पाणी इच्छेप्रमाणें सोडण्याची व बंद करण्याची सोय केली होती. नळ कोठें आहे हें परीक्षार्थींस दाखविलेलेंच होतें. आंत या घटकेस पाणी वाहत आहे कीं नाहीं एवढेंच त्यांनीं सांगावयाचें होतें. सुमारें तीस जणांनीं भाग घेतला, अटी अगोदर मान्य केल्या, आणि निकाल नाणें उडवून छापा-काटा सांगावा तसाच निघाला. फांदी वळते हें खोटें नव्हे. ती धरणाऱ्याच्या नकळत त्याच्याच स्नायूंनीं वळते. ज्या फिटरच्या तारा बरोबर जागीं फिरतात त्याच्या मनानें खचलेला पट्टा व चावीची दिशा आधींच टिपलेली असते, आणि श्रेय मात्र तारांस मिळतें. आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी भेगांत व झिजलेल्या थरांत सांठतें. चांगल्या पावसाच्या वर्षीं पुष्कळ ठिकाणीं खणलें तरी थोडेंबहुत लागतेंच, त्यामुळें पाणाड्याची कीर्ति टिकून राहते. कोरड्या गेलेल्या विहिरींची गणना कोणी ठेवीत नाहीं.

येथें वराहमिहिराचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. त्याच्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा अध्याय आहे. त्यांत कोणतें झाड, त्याच्या कोणत्या बाजूस वारूळ, खणतांना कोणत्या रंगाची माती व कोणता दगड लागावा, अशा खुणांवरून भूजलाचें अनुमान करण्याचे नियम सांगितले आहेत. त्यांतील प्रत्येक नियम आज खरा ठरेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती पद्धति खुणा पाहून अनुमान करण्याची आहे. गवत हिरवें दिसलें म्हणून तेथें पहार घालणारा फिटर आणि वारूळ पाहून विहीर सुचविणारा आचार्य हे एकाच गोत्राचे होत.

आतां खऱ्या यंत्रांकडे वळूं. १८२० सालीं ओर्स्टेड या डेन्मार्कच्या पंडितास असें आढळलें कीं तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे जवळची चुंबकसुई हलते. पुढें १८३१ सालीं फॅरडे यानें दाखविलें कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें राहिलें म्हणजे जवळच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. पुरलेल्या वस्तु शोधण्याचीं बहुतेक यंत्रें या दोन शोधांवर उभीं आहेत. तीं पहिल्यानें उपयोगांत आणण्याचा जो प्रसिद्ध प्रयत्न झाला तो नळासाठीं नव्हता, मनुष्याच्या शरीरांत शिरलेल्या गोळीसाठीं होता. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांजवर एका माथेफिरूनें गोळी झाडली. गोळी आंतच राहिली व डॉक्टरांस ती सांपडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं दोन वेटोळीं व टेलिफोनचा कर्णा यांचें एक यंत्र घाईनें तयार केलें. धातूजवळ नेलें कीं तें गुणगुणे. प्रयोगशाळेंत तें उत्तम चाललें. रोग्याच्या अंगावरून फिरवितांना मात्र सगळीकडेच अस्पष्ट आवाज येऊं लागला. मागाहून कळलें कीं बिछान्यांत पोलादी तारांची जाळी होती! शिवाय मुख्य डॉक्टरांची खात्री होती कीं गोळी उजव्या अंगास आहे, म्हणून तीच बाजू तपासूं दिली. १९ सप्टेंबरास अध्यक्ष निवर्तले आणि शवपरीक्षेंत गोळी डाव्या बाजूस निघाली.

आजचा नळ-शोधक फिटर नेमक्या याच दोन संकटांशीं झगडत असतो. शेजारचें लोखंड त्याच्या कानांत खोटा सूर घालतें, आणि साहेबांचें मत अगोदरच ठरलेलें असतें.

त्याच्या यंत्राचे दोन भाग असतात. प्रेषक ही एक लहान पेटी. तिची एक तार नळाच्या उघड्या भागास, समजा चावीस किंवा मीटरजवळील नळीस, जोडावयाची व दुसरी जमिनींत खिळा ठोकून त्यास लावावयाची. म्हणजे पुरलेल्या धातूंतून ठरलेल्या आवर्तनांचा मंद विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. दुसरा भाग ग्राहक. तो काठीसारखा हातांत धरून फिटर चालतो. नळाभोंवतीं उत्पन्न झालेलें चुंबकीय क्षेत्र काठींतील वेटोळें ग्रहण करतें, आणि आवाज किंवा आंकडा वाढत जातो. वेटोळें आडवें धरलें तर बरोबर नळावर आवाज सर्वांत मोठा होतो. उभें धरलें तर नळावरच तो एकाएकीं बंद पडतो व दोन्ही बाजूंस पुन्हां ऐकूं येतो. दक्ष फिटर दोन्ही रीतींनीं पाहतो. दोहोंची जागा एकच आली तर ठीक. हातभर फरक पडला तर शेजारीं दुसरा नळ किंवा तार असून ती क्षेत्र ओढून घेत आहे असें समजावें. यंत्र दाखवितें म्हणून तेथेंच रंगाची रेघ मारणारा माणूस अर्धाच शिकलेला असतो.

खोली काढण्याची जुनी युक्ति तर शाळेंतील मुलांस समजेल इतकी सुंदर आहे. नळाच्या रेघेवरून वेटोळें ४५ अंशांत कलतें धरून एका बाजूस सरकत जावें. जेथें आवाज बंद पडेल तेथून रेघेपर्यंतचें अंतर मोजावें. काटकोन त्रिकोणाचे दोन्ही लहान कोन ४५ अंशांचे असले म्हणजे काटकोनाच्या दोन बाजू सारख्या, म्हणून तें अंतर हीच नळाची खोली. दुसऱ्या बाजूसही तसेंच मोजावें. दोन मापें न जुळलीं तर त्या खोलीवर विश्वास ठेवूं नये. नवीन यंत्रें हा हिशेब आपणच करून आंकडा दाखवितात, परंतु तोही याच अटीवर खरा.

प्रवाहाच्या आवर्तनांची निवड हें अनुभवाचें काम आहे. सेकंदास ५१२ आवर्तनें घेतलीं तर खूण दूरवर जाते व शेजारच्या नळावर सहसा उडी मारीत नाहीं. पण रबराचा सांधा आला कीं तेथेंच थांबते. ३३,००० घेतलीं तर सांधे ओलांडते, मात्र वाटेंत भेटेल त्याच्या गळ्यांत पडते. मधल्या ८,००० वर पुष्कळ काम चालतें. विजेच्या केबलीस प्रेषक लागतही नाहीं. तींतून भार वाहत असला म्हणजे ५० आवर्तनांची गुणगुण ती स्वतःच करीत असते. पण हिवाळ्याच्या रात्रीं सगळे दिवे-पंखे बंद असतां ती केबल जिवंत असूनही मुकी राहूं शकते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आवाज नाहीं म्हणून वीज नाहीं असें अनुमान करून आजवर कित्येकांचे हात भाजले आहेत.

हें सारें धातूपुरतें झालें. प्लॅस्टिकचा नळ, सिमेंटचें गटार, करमाळ्याचा तो जुना भूमिगत मार्ग, यांपुढें हें यंत्र बहिरें आहे. प्लॅस्टिकसाठीं शहाणपणाचा उपाय असा कीं, नळ पुरतांनाच त्याच्या वरून एक तांब्याची तार टाकावी व तिचें टोंक चावीच्या पेटींत काढून ठेवावें. पुढें केव्हांही त्या तारेस प्रेषक जोडला कीं काम झालें. शिवाय नळाच्या वीतभर वर रंगीत पट्टी अंथरावी, म्हणजे खणणारास आधीं पट्टी लागते. दोहोंचा खर्च नळाच्या मानानें नगण्य आहे. तरीही आमच्या गांवोगांवच्या कामांत या दोन वस्तूंनाच प्रथम कात्री लागते हें पाहून खेद होतो. तार नसेल तर बोटाएवढा लहानसा प्रेषक लवचिक काठीच्या टोंकास बांधून नळांत किंवा गटारांत सारतात, आणि तो जसजसा पुढें जाईल तसतसा वरचा माणूस ग्राहक घेऊन त्याचा माग काढतो.

तिसरी रीत भूवेधी रडाराची. लहान गाडीसारखें हें यंत्र रस्त्यावरून ढकलीत नेतात. तें जमिनींत रेडिओच्या लहरी सोडतें आणि खालून परतलेले पडसाद टिपतें. हवेंत ही लहर सेकंदाच्या अब्जाव्या भागांत ३० सेंटिमीटर जाते. बेताच्या ओलसर मातींत सुमारें १० सेंटिमीटर. म्हणजे मीटरभर खोल असलेल्या नळावरून पडसाद येण्यास असे वीस क्षणार्ध पुरतात. गाडी नळाकडे येत असतां अंतर घटतें, पुढें गेल्यावर वाढतें, म्हणून चित्रांत पालथ्या वाटीसारखी वक्ररेषा उमटते. वाटीचें शिखर म्हणजे नळ. धातु असो, प्लॅस्टिक असो किंवा पोकळ भुयार असो, माती व वस्तु यांत भेद असला कीं पुरे.

हें ऐकून कोणास वाटेल कीं आतां प्रश्न सुटला. सुटला असता, आमची जमीन वाळूची असती तर! काळ्या कपाशीच्या जमिनींतील चिकण माती ओली असली म्हणजे विजेस वाट देते आणि रडाराच्या लहरी गिळून टाकते. मग मीटरभर खोलीवरचाही नळ दिसेल याचा भरंवसा नसतो. सोलापूर जिल्ह्यांत माळरानाचा मुरूम आणि पट्टीची काळी जमीन दोन्ही आहेत. मुरमांत हें यंत्र बरें चालतें. काळींत न्यावयाचें तर निदान एप्रिल-मे महिन्यांत न्यावें, आषाढांत नव्हे. परदेशांतील जाहिरातींचीं चित्रें पाहून यंत्र विकत घेणाऱ्यांनीं आधीं आपल्या मातीवर महिनाभर तें चालवून पाहावें.

गळती शोधण्यास मात्र कानासारखें साधन नाहीं. दाबानें भरलेल्या नळांतून पाणी फटींतून निसटूं लागलें म्हणजे सूं असा आवाज होतो व तो नळाच्या धातूंतून दूरवर जातो. रात्रीं गांव निजल्यावर फिटर चावीवर काठीचें एक टोंक टेकवून दुसऱ्यास कान लावतो, आणि एका चावीवरून दुसरीवर जात गळती दोन चाव्यांमध्यें कोंडतो. विद्युत्यंत्रांनीं याच युक्तीस गणिताची जोड दिली. १०० मीटर अंतरावरील दोन चाव्यांवर दोन श्रवणयंत्रें ठेवलीं. आवाज लोखंडी नळांतून सेकंदास सुमारें १,२०० मीटर जातो. आणि एकीकडे तो दुसरीकडच्यापेक्षां सेकंदाचा पन्नासावा भाग आधीं पोंचला असें धरा. म्हणजे दोन अंतरांत २४ मीटरांचा फरक. १०० मधून २४ वजा जातां उरले ७६, त्याचें निम्में ३८. जवळच्या चावीपासून ३८ मीटरांवर खणा. प्लॅस्टिकच्या नळांत हा आवाज मंदगतीनें जातो व लवकर विरतो, म्हणून तेथें श्रवणयंत्रें जवळजवळ ठेवावीं लागतात.

इतकें सर्व केल्यावरही शेवटचा शब्द हातानें खणलेल्या लहान खड्ड्याचा असतो. अमेरिकेंत २००३ सालीं व इंग्लंडांत २०१४ सालीं जे नियम प्रसिद्ध झाले त्यांत भूमिगत माहितीच्या चार प्रती मानिल्या आहेत. केवळ जुन्या कागदांवरून मिळाली ती कनिष्ठ. कागद व जमिनीवरच्या चाव्या-झांकणें ताडून मिळाली ती त्याहून बरी. यंत्रानें शोधली ती तिसरी. आणि खणून डोळ्यांनीं पाहिली तीच उत्तम. आपल्याकडील कित्येक नकाशांवर कोणती रेघ कोणत्या प्रतीची आहे याचा पत्ताच नसतो. अंदाजाची रेघ आणि पाहिलेली रेघ एकाच जाडीची. २२ मार्च १९२३ नव्हे, तर त्याच्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे २२ मार्च २०२३ रोजीं, केंद्र सरकारनें खणण्यापूर्वीं विचारणा करण्याची मोबाईलवरील सोय सुरू केली आहे, हें पाहून या कामीं किती उशीर झाला तें कळेल. ‘कॉल बिफोर यू डिग’ असें तिचें नांव. खणणारानें जागा कळविली कीं तेथें ज्यांच्या तारा किंवा नळ आहेत त्यांस सूचना जाते. सोय चांगली आहे; परंतु गल्लींत पाणपोईसाठीं खड्डा घेणारा गवंडी ती वापरील तेव्हां खरें.

सरकार व नगरपालिका यांच्या हातचें सोडून देऊन आपल्या घरापुरतें काय करतां येईल? आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें जुन्या वाड्यांतून राहतात. वाड्याची वांटणी झाली म्हणजे प्रत्येक भाऊ आपली स्वतंत्र नळी घेतो, आणि थोरल्यांची नळी धाकट्यांच्या स्वयंपाकघराखालून जाते. वडील हयात असेतों कोणास अडचण पडत नाहीं. पुढें कोणी फरशी बदलावयास काढली कीं नळी फुटते, आणि पाण्याबरोबर जुनीं बोलणींही वर येतात. हें टाळावयाचें तर चर उघडा असतांनाच, बुजविण्यापूर्वीं, टेप घेऊन घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून नळीच्या प्रत्येक वळणाचें अंतर मोजावें. एकाच कोपऱ्यापासून घेतलेलें माप पुढें निरुपयोगी ठरतें. दोन कोपऱ्यांपासून दोन दोऱ्या ताणल्या कीं त्या जेथें मिळतात तेथें वळण. खोली व नळीची जात लिहावी, मोबाईलनें छायाचित्र घ्यावें, आणि तें कागदावर उतरवून घराच्या खरेदीखताबरोबर ठेवावें. मोबाईल बदलतो, खरेदीखताची पिशवी बदलत नाहीं. पाण्याची टाकी व शौचकूप यांमधील नळ्या त्यावर निराळ्या शाईनें दाखवाव्या.

पाण्याची नळी फुटल्याचा संशय असेल तर रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील सगळ्या तोट्या बंद करून मीटरचा आंकडा लिहून ठेवावा व पहांटे कोणी तोटी उघडण्याच्या आंत पुन्हां पाहावा. आंकडा पुढें गेला असेल तर गळती आपल्याच हद्दींत आहे. मीटर नसेल तर मुख्य चावीवर लांकडी रवीचा दांडा टेकवून कान लावावा. भिंतींतील विजेच्या तारा सहसा बटणांच्या पाटीपासून सरळ उभ्या किंवा आडव्या गेलेल्या असतात. तसबिरीचा खिळा त्या रेषेंत ठोकूं नये, आणि ठोकण्यापूर्वीं मुख्य बटण बंद करावें.